पुढची तारीख

रात्रीचं जेवण जरा जड झालं आणि डाव्या कुशीवर झोपले की बहुतेक वेळा सुरू होतं. आधी एक ठोका चुकतो, मग दोन घाईघाईने येतात आणि पुढे हिशेबच संपतो. मी उठून बसते. शेजारी हे घोरत असतात. उठवण्यात अर्थ नसतो, कारण उठले तर माझ्याहून जास्त घाबरतात आणि मग त्यांनाच पाणी द्यावं लागतं. तास-दोन तास जातात. मध्येच तीन-तीनदा लघवीला जावं लागतं. साखर वाढली की काय म्हणून यांनी तपासायला लावली, तर साखर ठीक. शेवटी डॉक्टरांनीच उलगडा केला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण आला की ते एक संप्रेरक सोडतात आणि ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला सांगतं. बिघाड छातीत आणि हेलपाटे न्हाणीघराकडे.

दुखण्याचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर नुसतं ‘एएफ’ म्हणतात, आता आम्हीही तेच म्हणतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका, खालचे दोन जवनिका. एरवी उजव्या कर्णिकेतल्या एका ठरलेल्या जागेवरून मिनिटाला 60 ते 100 वेळा विजेचा इशारा निघतो आणि वरचे कप्पे, मग खालचे, असं शिस्तीत काम चालतं. एएफमध्ये कर्णिकांत मिनिटाला 350 ते 600 असे उलटसुलट इशारे धावत असतात. ते सगळे खाली पोचले तर माणूस जगणार नाही. पण मधे एक गाठ आहे, ती त्यांना अडवते. मी नोकरीभर तहसील कचेरीत होते, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे मला ते असं कळलं: बाहेर दाखल्यांसाठी झुंबड आणि दारात शिपाई. शिपाई जमेल तेवढ्यांनाच आत सोडतो, पण रांगच नसल्यामुळे कधी दोघं एकदम घुसतात, कधी बराच वेळ कुणीच नाही. सकाळची मेटोप्रोलॉलची गोळी या शिपायाला कडक करते. बाहेरची झुंबड तशीच राहते.

झुंबड उठते कुठून, हे कळायला 1998 साल उजाडावं लागलं. फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 45 रुग्णांच्या हृदयात नळ्या घालून खोडी काढणाऱ्या 69 जागा शोधल्या. त्यातल्या 94 टक्के जागा हृदयात नव्हत्याच म्हणा ना, फुप्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होत्या. त्या शिरा डाव्या कर्णिकेत उघडतात. मग उपाय ठरला: मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून नळी वर न्यायची, दोन कर्णिकांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून पलीकडे जायचं आणि त्या शिरांच्या तोंडांभोवती पेशी मारून कडं करायचं, म्हणजे इशारा बाहेर पडत नाही. पेशी उष्णतेने मारतात, अतिथंडीने मारतात, आता विजेच्या सूक्ष्म झटक्यांनीही मारतात. याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. धाकट्या दिरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे डागच द्यायचा की वहिनी, फक्त आतून!” डॉक्टरांना मी हे सांगितलं तर त्यांनाही पटलं.

मला हा डाग पुण्यात घ्यायचा आहे. ठरलंय, पण आत्ता नाही. विम्याच्या भाषेत याला प्रतीक्षा कालावधी म्हणतात. आधीपासूनच्या आजारांसाठी कंपन्या पूर्वी 48 महिने थांबवू शकत, 2024 पासून जास्तीत जास्त 36. माझा रक्तदाब मी अर्जात प्रामाणिकपणे लिहिला होता आणि कंपनीचं म्हणणं असं की हृदयाचं हे दुखणं त्या रक्तदाबातूनच आलं. वैद्यकीयदृष्ट्या त्यांचं म्हणणं चूक नाही, हाच वैताग आहे. खर्च काही लाखांचा. मुलगा म्हणाला, “आई, मी भरतो, थांबू नकोस.” त्याचं घराचं कर्ज मला माहीत आहे. डॉक्टरांना सरळ विचारलं, थांबले तर बिघडेल का?

त्यांनी एक अभ्यास सांगितला. ऑस्ट्रेलियात 100 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचं अ‍ॅब्लेशन महिन्याच्या आत, दुसऱ्याचं वर्षभराने. पुढच्या वर्षभरात एएफ परत येण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. “पण ते वर्षभर नुसते बसून नव्हते,” डॉक्टर म्हणाले, “त्यांची औषधं चालू होती, देखरेख चालू होती. आणि वर्षाचं उत्तर मी पाच वर्षांसाठी वापरणार नाही.” मला हे बोलणं आवडलं. ‘काही होत नाही हो’ म्हणणारे डॉक्टर मी पाहिलेत आणि ‘आजच भरती व्हा’ म्हणणारेही. मुदत सांगून, कशावर भरवसा ठेवायचा तेही सांगणारे कमी. माझी मुदत श्रावणात संपते.

मुलाने पहिलं काय केलं असेल, तर मनगटावरचं घड्याळ पाठवलं. त्याच्या पोटातला हिरवा दिवा कातडीखालचं रक्त बघतो आणि ठोके मोजतो. अशा घड्याळांचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, 2019 साली छापून आला. चार लाखांवर माणसं होती आणि त्यातल्या अवघ्या 0.52 टक्के लोकांना घड्याळाने ‘ठोके अनियमित आहेत’ असा इशारा दिला. ज्याला आपल्याला एएफ आहे हेच माहीत नाही, त्याच्यासाठी ही सोय मोलाची. पण मला तर माहीत होतं! मला ते घड्याळ दिवसातून पन्नास वेळा तेच सांगायचं. भाजी चिरताना बघायचं, बसमध्ये बघायचं, घोरण्याच्या आवाजात अंधारात बघायचं. 104. 88. 131. आकडा वाढला की मी घाबरायची, घाबरले की आकडा वाढायचा.

शिवाय तो आकडा पुरता खराही नसतो. एकदा तपासणीला गेले तेव्हा नेमका एएफ चालू होता. डॉक्टरांनी नळी छातीला लावली आणि सिस्टरना त्याच वेळी माझं मनगट धरायला सांगितलं. मिनिट संपल्यावर छातीवरचा आकडा 118 आणि मनगटावरचा 92. घाईने आलेल्या ठोक्याला जवनिका भरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे त्या ठोक्याची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. हृदय काम करतं, पण हातात काही येत नाही. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रक्तदाबाच्या घरगुती यंत्राचंही तसंच, एएफ चालू असताना ते दर वेळी वेगळं सांगतं. म्हणून मी पाच मिनिटं शांत बसून तीनदा घेते आणि सरासरी लिहिते. घड्याळ आता मुलाकडेच परत गेलंय. सकाळी आणि दिवेलागणीला अंगठ्याखाली दोन बोटं ठेवून मी पूर्ण मिनिट मोजते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची युक्ती इथे चालत नाही, कारण पुढची पंधरा सेकंदं तशीच असतील याची खात्री कुठे आहे?

नाडीचा विषय निघाला की आमच्या घरात आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर निघतोच, कारण यांचे आजोबा वैद्य होते. नाडीच्या चालींना त्याने प्राण्यांची नावं दिली आहेत. वातात जळवेसारखी किंवा सापासारखी, पित्तात कावळ्यासारखी किंवा बेडकासारखी, कफात हंसासारखी किंवा पारव्यासारखी. इथपर्यंत ऐकायला गोड आहे. पुढे तो म्हणतो, थांबून थांबून चालणारी नाडी प्राण घेणारी. हे ज्ञान यांनी मला नेमकं रात्री साडेनऊला ऐकवलं. मी दोन दिवस बोलले नाही. पण नंतर वाटलं, त्या काळी ते खोटं नसणार. ना रक्त पातळ करणारं औषध, ना झडपेवर इलाज; तशी नाडी ज्याच्या हाताला लागली, त्याचं पुढे काय झालं हे त्या वैद्यांनी डोळ्यांनी बघितलंच असेल.

आणि प्राण घेणारी म्हणजे कशी घेणारी, इथेच सगळी गोम आहे. मला भीती वाटते ती धडधडीची. धडधड जाणवते, झोप मोडते, हातपाय गार पडतात. पण धोका जिथे आहे तिथे काहीच जाणवत नाही. डाव्या कर्णिकेला बाजूला अंगठ्याएवढी एक पिशवी असते. कर्णिका नीट आकुंचन पावत नसली की त्या पिशवीत रक्त साचून राहतं आणि साचलेलं रक्त गोठतं. झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांत हृदयातल्या दहापैकी नऊ गुठळ्या त्या पिशवीतच सापडतात. गुठळी सुटली की थेट मेंदूकडे. एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो असं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीतून 1991 मध्येच पुढे आलं. म्हणून मी ज्या रात्री घाबरून जागी बसते त्या रात्रीपेक्षा, छान झोप लागली आणि गोळी घ्यायची राहिली, ती रात्र वाईट. हे डोक्याला पटतं. छातीला अजून पटलेलं नाही.

रक्त पातळ करणारी गोळी कुणाला द्यायची हे ठरवायला डॉक्टर गुण देतात. रक्तदाबाचा एक, मधुमेहाचा एक, पासष्टीचा एक, पंचाहत्तरीचे दोन, आधी पक्षाघात झाला असेल तर दोन, वगैरे. मला रक्तदाबाचा एक आणि वयाचा एक मिळाला. तिसरा मिळाला बाई असण्याचा. आयुष्यभर बाई म्हणून गुण कापलेलेच पाहिले, इथे एक जादा मिळाला! त्याचंही सुख फार टिकलं नाही. 2024 साली युरोपातल्या हृदयतज्ज्ञांनी तो गुण यादीतून काढून टाकला. दोनवर आले, गोळी मात्र तीच राहिली. अ‍ॅपिक्साबॅन, सकाळी आठ आणि रात्री आठ. तिचा अंमल बारा तासांत निम्म्यावर येतो, त्यामुळे वेळ पाळावी लागते. विसरले तर आठवेल तेव्हा एक घ्यायची, भरपाई म्हणून दोन नाहीत. गुडघा दुखला की पूर्वी मी खुशाल डायक्लोफिनॅक घ्यायची, ते बंद. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आता गुडघ्याला पॅरासिटामॉलवर भागवावं लागतं. दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. शेजारच्या काकूंनी अर्जुनसालीचा काढा आणून दिला, मनापासून आणला. तो मी घेतला नाही आणि तसं त्यांना सांगितलंही. थोडा अबोला झाला, संक्रांतीला मिटला.

माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे बघितलं की मला माझी गोळी सोपी वाटते. लहानपणी घसा सुजून सांध्यांचा ताप आला, तो झडपेला डसला. चाळिशीत झडप अरुंद झाल्याचं कळलं आणि पाठोपाठ एएफ. झडप अशी अरुंद असेल तर माझ्यासारख्या नव्या गोळ्या चालत नाहीत. 2022 साली चोवीस देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला, त्यात नव्या गोळीपेक्षा जुन्याच घराण्याची औषधं सरस ठरली. जाऊबाई त्या जुन्या घराण्यातली असेनोकुमारॉल घेतात. त्यात रक्ताची चाचणी करत राहावं लागतं, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, आयएनआर, दोन ते तीनमध्ये ठेवायचा. पालक, मेथी, कोथिंबीर जास्त झाली की आकडा खाली, खाणं कमी झालं की वर. त्यांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढलाय. भाजी सोडायची नाही, रोज सारखीच खायची. त्यांच्या सुना सांगतात, मेथीची जुडी त्या डोळ्यांनी तोलतात.

या औषधांची जन्मकथा मी जाऊबाईंना सांगितली तेव्हा त्या हसून हसून दमल्या. 1920च्या दशकात अमेरिका-कॅनडात गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. ओल धरून बुरसलेला एक प्रकारचा गोड घास खाल्ल्यामुळे हे होतं, एवढं कळलं होतं. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळात मेलेली गाय, दुधाच्या किटलीत न गोठणारं रक्त आणि तो घास घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत धडकला. त्या रक्ताच्या किटलीतून पुढे काही वर्षांनी रक्त न गोठू देणारं द्रव्य वेगळं निघालं, आणि त्याच्या भावंडांतून वॉरफरिन. 1948 पासून ते विकलं गेलं उंदीर मारायला. माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली ती 1954 साली. “म्हणजे मी उंदराचं औषध खाते,” जाऊबाई म्हणाल्या, “आणि ह्यांना वाटतं मी घरात सगळ्यांत साधी.”

थांबण्याच्या काळात हातात काय, तर वजन. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये राजीव पाठक, प्रशांतन सँडर्स आणि सहकाऱ्यांनी 355 जाड रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं, 2015 साली निष्कर्ष मांडले. ज्यांनी वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरवलं आणि टिकवलं, त्यांची एएफपासून मुक्त राहण्याची शक्यता सहापट निघाली. त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली: वजन सारखं वर-खाली करणाऱ्यांचा फायदा बराचसा वाया गेला. हे वाचलं आणि मला आमच्या बायकांचे उपवास दिसायला लागले. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याची चिक्की, आणि दुसऱ्या दिवशी पारण्याला पुरणपोळी. याला उपवास म्हणणं म्हणजे विठ्ठलाच्या डोळ्यांत धूळ. आता एकादशीला मी दोन फळं आणि ताक घेते, पाणी भरपूर पिते. निर्जळी उपवास डॉक्टरांनी साफ बंद केलेत. शरीरातलं पाणी आणि क्षार कमी झाले की हे दुखणं उसळतं.

संध्याकाळी प्रीतिसंगमावर चालायला जाते. कराडच्या माणसाला याहून चांगली जागा सांगून सुचणार नाही. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात, यशवंतरावांच्या समाधीपाशी पोरं फोटो काढत असतात. बोलत बोलत चालता आलं पाहिजे, दम लागून बोलणं तुटलं की वेग कमी, एवढाच नियम. एएफ चालू असेल त्या दिवशी बाकावर बसते. त्या दिवशी भेळेचा गाडा फार जवळ वाटतो.

चहाचा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. ‘चहा सोडलास की नाही?’ सोडला नाही. 2025 साली एक अभ्यास आला, विजेच्या झटक्याने ज्यांची लय सरळ केली असे 200 कॉफी पिणारे लोक घेतले, निम्म्यांना रोज कपभर कॉफी प्या म्हणून सांगितलं, निम्म्यांना पूर्ण बंद. सहा महिन्यांत कॉफीवाल्यांत 47 टक्के लोकांना पुन्हा त्रास झाला, सोडणाऱ्यांत 64 टक्के. कॉफी म्हणजे चहा नव्हे, हे मला कळतं. पण दोन कप चहासाठी मला तेवढा आधार पुरला. दारूचं मात्र उलट आहे. ती कमी केली की एएफ कमी होतो हे नीट सिद्ध झालंय. घरात ज्याला हे सांगायला हवं तो भाचा लग्नकार्यातच भेटतो, आणि तेव्हा ऐकण्याच्या स्थितीत नसतो.

घोरण्याचंही निघालं. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही घोरता का? मी ठाम नाही म्हटलं. हे शेजारी बसले होते, छताकडे बघत म्हणाले, “मी काही बोलत नाही.” झोपेत श्वास अडकत असेल तर एएफ वाढतो आणि अ‍ॅब्लेशननंतरही परततो, म्हणून माझी झोपेची चाचणी होणार आहे. यांचीही व्हायला हवी, खरं तर आधी यांचीच.

फ्रिजवर एक चिठ्ठी लावली आहे, मोठ्या अक्षरांत. वर माझ्या गोळ्यांची नावं आणि वेळा. खाली: तोंड वाकडं झालं, हात उचलला जात नाही, बोलणं अडखळतंय, तर 108 ला फोन, काय झालं त्याची वेळ लिहून ठेवा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, बसल्या जागी दम लागला, तरी तेच. नुसती धडधड झाली तर मला बसू द्या. शेवटची ओळ यांच्यासाठी आहे. चिठ्ठी लावल्यापासून घरातली निम्मी चर्चा संपली. कचेरीतही असंच होतं. कुठले कागद लागतात तो फलक भिंतीला लावला की खिडकीवरची भांडणं कमी व्हायची.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या रुग्णालयातून फोन आला. मुलगी आवाजाने लहान होती, पण कामाला पक्की. आधीचे निदान तीन आठवडे गोळी एकदाही चुकता कामा नये, आदल्या दिवशी अन्ननलिकेतून कॅमेऱ्यासारखी नळी घालून त्या पिशवीत गुठळी नाही ना ते बघणार, घरी सोडल्यावर आठवडाभर जड उचलायचं नाही, आणि गोळी नंतरही चालूच. सगळं तिने न अडखळता सांगितलं. एका फेरीत सगळ्यांचं भागत नाही, हे डॉक्टर आधीच बोलले होते. दहापैकी सातेक जणांचं पहिलं वर्ष चांगलं जातं. उरलेल्यांना कधी पुन्हा यावं लागतं. मी ते वहीत लिहून घेतलंय. यांना दाखवलेलं नाही.

मग तिने तारीख सांगितली. मी कालनिर्णय उघडलं. नेमकी गौरी जेवणाची.

“ही नको,” मी म्हटलं. “गौरी उठल्यावर दोन दिवसांनी द्या.”

“काकू, लोक लवकरची मागतात.”

“मागतात, मला माहितीय. माझ्यासमोर रोज मागायचे.”

तिला काही ते कळलं नसावं. तिने अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारची तारीख दिली. मुलाने रजेचा अर्ज टाकलाय. जाऊबाई घर सांभाळायला येणार आहेत, येताना मेथी घेऊन येते म्हणाल्या. यांनी मात्र एकच विचारलं, गौरीच्या पुरणाचं वाटण यंदा कोण करणार. मी म्हटलं, तुम्ही.